सातवं वलय

पाला ओरबाडून न्यायला आता कुणी येत नाही,
म्हणून कुंपणाकडची तुती जाड होत गेली.
कुताईसीची रेशीम गिरणी बंद पडली
तेव्हा माझा जन्मही नव्हता.
बाबुआ सांगतो, पूर्वी घराघरात
फळ्यांवर किडे पाला खात असायचे.
रात्रभर आवाज,
शेजारच्या खोलीत कुणी पत्र उलगडतंय
आणि परत घडी घालतंय असा.

जानेवारीतल्या वाऱ्याने ती आडवी केली.
गेनो म्हणाला, पिंप करा, तुतीच्या पिंपात
दारूला सोन्याचा रंग चढतो.
बाबुआने ऐकून घेतलं. मग पाचर आणली.

खोड फुटलं ते सरळ नाही,
जरा पीळ घेऊन, आमच्या घराण्यासारखं.
दोन्ही टोकांना फाटकाचा उरलेला निळा रंग फासला,
नाहीतर ओल टोकांतून पळते, लाकूड तडकतं.
माळ्यावर, लसणाच्या वेण्यांखाली
दोन हिवाळे विसरल्यासारखं ठेवलं.
विसरला नव्हता.
शिडीवर कान लावून उभा असलेला मी त्याला पाहिलाय.

मका काढून झाल्यावर
त्याने ते ओसरीवर शिकंज्यात धरलं.
नियम एकच, म्हणाला :
कमानीची पाठ म्हणजे एकाच वर्षाचं लाकूड.
एक वलय, या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड.
सुरी घसरून पलीकडच्या वर्षात गेली
की तिथेच मोडणार.
आज नाही मोडणार. नेमकी भरात असेल तेव्हा.

दुमुठी सुरी आपल्याकडे ओढायची.
साल गेली. मग पांढरं, कच्चं,
मुळ्याच्या चकतीसारखं.
त्याखाली गाभा, हळदीत बुडवलेला.
मी वर्षं मोजत होते, वरून खाली,
म्हणजे मागे मागे.
हे झाड पडायच्या आधीचं.
हे माझा हात मोडला ते.
हे कागदाएवढं, त्या वर्षी विहीरही आटली होती.
हे गारांचं, द्राक्षं गेली ते.
सातव्याशी तो थांबला.

दाट होतं. नखाएवढं रुंद.
अंगठा फिरवून म्हणाला, हे.
आता याला धक्का नाही.
मी काही बोलले नाही.
सातवं म्हणजे आई बारीला गेली ते,
इटलीत, कुणा परक्या म्हातारीला न्हाऊमाखू घालायला.
त्या वर्षी आमच्याकडे काहीच वाढलं नव्हतं
असं मला वाटायचं.

मधे एक गाठ होती.
गाठ तासायची नाही, भोवतीचं लाकूड उंच सोडायचं,
सुरी वळसा घालून जाते,
जसे आम्ही जेवताना एका खुर्चीला.

मग पोटाकडून कानस. दिवसचे दिवस.
भिंतीवरच्या खुंटीला अडकवून ओढायचं, सोडायचं,
लांबून डोळे अर्धे मिटून बघायचं.
खालचा पंख अडून बसलेला,
वरचा सगळ्यालाच हो म्हणणारा.
समजूत काढावी तशी तो एकेक चिमूट भुकटी उडवायचा,
कधी फुंकर, कधी शिवी.

दोरीला त्याने ताग काढला.
मी आईच्या पेटीतली रेशमाची लड आणली,
तिच्या आईने पातेल्यात कोश उकळून काढलेली.
याच झाडाचा पाला खाल्लेले किडे का?
असतील, म्हणाला. किड्यांना कुणी विचारलंय.
आणि लड मेण लावून बारा पदरी वळली.

रविवारी फोनवर आईला दाखवली.
कमान पडद्यात मावेना.
मी एक टोक दाखवलं, मग मूठ, मग दुसरं टोक.
मग पाठीवरून बोट फिरवलं, सावकाश.
रंग छान आलाय, ती म्हणाली.
मागून बाबुआ ओरडला,
तिला सांग, काम झालं की दोरी उतरवून ठेवतो.
ताणलेलीच ठेवली तर लाकूड तसंच राहतं, वाकलेलं.
बराच वेळ तिकडून नुसता बशांचा आवाज आला.

पहिला बाण ब्लॅकबेरीच्या जाळीत गेला.
आम्ही अंधार पडेपर्यंत शोधला,
हात ओरबाडून घेतले, जांभळे करून घेतले.
नाही सापडला.
चल, बाबुआ म्हणाला, कुठं गेला ते तरी कळलं.